सर्व्हर ॲप सिस्टमडीच्या हवाली करताना: काय मिळतं, काय आपल्यालाच बघावं लागतं

सांगलीच्या मार्केट यार्डातली अडत पेढी, कुपवाड एमआयडीसीतला छोटा कारखाना, मिरजेतली पॅथॉलॉजी लॅब. तिन्हीकडे चित्र बरंचसं सारखं असतं. कोपऱ्यात एक डेस्कटॉप, त्यावर उबुंटू, शेजारी यूपीएस, आणि त्या मशीनवर चालणारं स्वतःचं वेब ॲप. ते कुणीतरी एसएसएचने (दुरून लॉगिन करून) आत शिरून नोहप किंवा स्क्रीनच्या (लॉगआउटनंतरही प्रोग्राम चालू ठेवणाऱ्या साधनांच्या) आधाराने चालू करून ठेवलेलं असतं. महिनोन्महिने चालतंही. मग एका दुपारी वळवाचा पाऊस येतो, वीज जाते, यूपीएस संपतो. वीज आल्यावर मशीन सुरू होतं, ॲप मात्र होत नाही, कारण ते सुरू करणारी ओळ फक्त एका माणसाला ठाऊक असते आणि तो आता पुण्याला नोकरी करतो.

हा लेख अशी मशीन पहिल्यांदाच अंगावर पडलेल्यांसाठी आहे. असं ॲप लिनक्सबरोबरच येणाऱ्या सिस्टमडी या सर्व्हिस मॅनेजरच्या हवाली कसं करायचं, ते यात बघू. उदाहरण म्हणून हळदीच्या सौद्यानंतर शेतकऱ्याची पट्टी काढणारं एक पायथन ॲप घेऊ. पुढे गनिकॉर्न (पायथन ॲप चालवणारा सर्व्हर), मागे पोस्टग्रेएसक्यूएल (डेटाबेस), दारात एनजिनएक्स (बाहेरची विनंती आत ॲपकडे पोचवणारा वेब सर्व्हर). तुमचं ॲप नोडचं किंवा जावाचं असलं तरी पायऱ्या त्याच.

लिहिण्याच्या सोयीसाठी आज्ञा, फाइलींची नावं आणि सेटिंग उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीतच टाइप करायची. आज्ञा लहान अक्षरांत, जिथे अपवाद आहे तिथे तो सांगितला आहे. युनिट फाइलमधल्या (ॲप कसं चालवायचं ते सिस्टमडीला सांगणाऱ्या फाइलमधल्या) सेटिंगच्या नावात मात्र प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं आणि शब्द एकमेकांना चिकटलेले असतात.

सर्व्हिस मॅनेजरचं काम

ॲप मशीनबरोबर सुरू करणं, मेलं तर पुन्हा उठवणं, बंद करताना त्याची सगळी पिल्लं (त्याने काढलेल्या उपप्रोसेस) बरोबर बंद करणं, त्याने छापलेला प्रत्येक शब्द लॉगमध्ये साठवणं, आणि त्याच्या मेमरीला व अधिकारांना कुंपण घालणं, एवढी कामं सर्व्हिस मॅनेजर करतो. लिनक्सवर आज हे काम बहुतेक ठिकाणी सिस्टमडीकडे आहे. लेनार्ट पोटरिंग आणि के सीव्हर्स यांनी ते 2010 मध्ये पुढे आणलं. 2011 मध्ये फेडोरा 15 ने ते मूळ म्हणून स्वीकारलं, 2014 मध्ये रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स 7 ने, 2015 मध्ये डेबियन 8 आणि उबुंटू 15.04 ने. म्हणजे वेगळं काही इन्स्टॉल करायचं नाही. मशीन सुरू होताना पहिली प्रोसेस (चालू प्रोग्राम) म्हणून तेच उठतं.

त्याआधीच्या इनिट स्क्रिप्टमध्ये प्रत्येक ॲप आपला प्रोसेस क्रमांक एका फाइलमध्ये लिहून ठेवायचं. वीज गेली की ती फाइल जुनाच क्रमांक धरून मागे राहायची, आणि पुढच्या वेळी स्क्रिप्टला वाटायचं की ॲप चालूच आहे. सिस्टमडी कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) सीग्रुपचा, म्हणजे प्रोसेसचे गट बांधण्याच्या सोयीचा, आधार घेतं. ॲपने कितीही उपप्रोसेस काढल्या तरी त्या एकाच गटात मोजल्या जातात आणि कुणी निसटत नाही. बाकीच्या सोयी बाजूला ठेवल्या तरी एवढ्या एका कारणासाठी सिस्टमडी वापरावं.

युनिट फाइलच्या आधीची तयारी

ही पायरी लोक गाळतात आणि नंतर तासभर डोकं धरून बसतात.

ॲपसाठी वेगळा युजर काढा:

सुडो युजरॲड --सिस्टम --शेल /युएसआर/एसबिन/नोलॉगिन पट्टी

रूट (सगळे अधिकार असलेला युजर) म्हणून ॲप चालवू नका. ॲपमध्ये एक भोक सापडलं तरी अख्खं मशीन हातचं जातं. 80 किंवा 443 पोर्ट हवा म्हणून रूट लागतो असं कुणी म्हणालं तर ते काम एनजिनएक्सकडे द्या आणि ॲपला 8000 वर बसवा.

कोड कुणाच्या होम फोल्डरमध्ये ठेवू नका, /ऑप्ट/पट्टी मध्ये ठेवा. नव्या उबुंटूत होम फोल्डर इतर युजरना बंद असतं. रेड हॅट जातीच्या वितरणात एसईलिनक्स (सुरक्षेची जादा चौकट) होममधली फाइल सर्व्हिस म्हणून चालवू देत नाही. आणि माणूस नोकरी सोडून गेला की त्याचं खातं पुसलं जातं, त्याबरोबर ॲपही.

पायथनचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (ॲपच्या पायथन आणि लायब्रऱ्यांची वेगळी जागा) होममधून उचलून /ऑप्ट मध्ये टाकू नका, तिथे नव्याने बनवा. त्यातल्या गनिकॉर्नच्या पहिल्या ओळीत जुन्या पायथनचा पूर्ण पत्ता कोरलेला असतो. फाइल डोळ्यांसमोर दिसते आणि सिस्टमडी म्हणतं की अशी फाइलच नाही, याचं हे नेहमीचं कारण.

शेवटी ॲप त्याच युजरच्या नावाने हाताने चालवून बघा:

सुडो -यू पट्टी /ऑप्ट/पट्टी/व्हेन्व्ह/बिन/गनिकॉर्न --चडिर /ऑप्ट/पट्टी --बाइंड 127.0.0.1:8000 ॲप:ॲप

इथे परवानगीची चूक आली तर ती इथेच मिटवा. सिस्टमडी मध्ये आल्यावर तीच चूक शोधायला दुप्पट वेळ जातो.

युनिट फाइल

फाइलचा पत्ता: /ईटीसी/सिस्टमडी/सिस्टम/पट्टी.सर्व्हिस. आतला मजकूर:

[युनिट]
डिस्क्रिप्शन=पट्टी वेब ॲप
आफ्टर=नेटवर्क.टार्गेट पोस्टग्रेएसक्यूएल.सर्व्हिस

[सर्व्हिस]
टाइप=एक्झेक
युजर=पट्टी
ग्रुप=पट्टी
वर्किंगडिरेक्टरी=/ऑप्ट/पट्टी
एन्व्हायर्नमेंटफाइल=/ईटीसी/पट्टी.एन्व्ह
एक्झेकस्टार्ट=/ऑप्ट/पट्टी/व्हेन्व्ह/बिन/गनिकॉर्न --वर्कर्स 3 --बाइंड 127.0.0.1:8000 ॲप:ॲप
रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर
रीस्टार्टसेक=5
मेमरीमॅक्स=1जी
स्टेटडिरेक्टरी=पट्टी
नोन्यूप्रिव्हिलेजेस=येस
प्रायव्हेटटीएमपी=येस
प्रोटेक्टसिस्टम=फुल

[इन्स्टॉल]
वॉन्टेडबाय=मल्टी-युजर.टार्गेट

आता यातल्या ज्या ओळी दगा देतात त्यांच्याबद्दल.

आफ्टर ही ओळ फक्त क्रम ठरवते. पोस्टग्रेएसक्यूएल आणि पट्टी दोघांना सुरू व्हायचं असेल तर आधी तो, मग ही, एवढाच तिचा अर्थ. डेटाबेस एनेबल नसेल तर ही ओळ त्याला उठवणार नाही. तो उठला पाहिजे असा आग्रह असेल तर वॉन्ट्स जोडा. रिक्वायर्स त्याहून कडक आहे. डेटाबेस हाताने रीस्टार्ट केला की ॲपलाही तो ओढून नेतो, म्हणून नवख्याने वॉन्ट्सवरच थांबावं. आणि डेटाबेस सुरू झाला म्हणजे तो जोडणी घ्यायला तयार झालाच, असं धरून चालू नका. वीज अचानक गेल्यानंतर पोस्टग्रेएसक्यूएल आधी आपल्या नोंदी सावरतो, त्याला वेळ लागतो. ॲपनेच जोडणी पुन्हा पुन्हा करून बघायला हवी. ॲपमध्ये ती सोय नसेल तर ते मरेल आणि रीस्टार्टची ओळ त्याला पाच सेकंदांनी उठवेल, हा दुय्यम पण चालणारा उपाय.

इंटरनेटवरच्या नमुन्यांत नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट हमखास दिसतं. आपल्या उदाहरणात ते मुद्दाम नाही. ॲप 127.0.0.1 वर, म्हणजे मशीनच्या आतल्या आत, बसतं, डेटाबेस त्याच मशीनवर आहे, बाहेरच्या नेटवर्कशी सुरुवातीला काही देणंघेणं नाही. वीज आल्यावर ब्रॉडबँडचा राउटर मशीनच्या मागून उठतो. नेटवर्क-ऑनलाइनची वाट बघत बसलात तर आतलं सगळं तयार असताना ॲप एक-दोन मिनिटं उगाच अडकून राहील. डेटाबेस दुसऱ्या मशीनवर असेल किंवा ॲप एखाद्या ठरावीक लॅन पत्त्यावर बांधलेलं असेल तरच ते घ्या, आणि घेताना वॉन्ट्स व आफ्टर दोन्हीत लिहा.

टाइपमध्ये बहुतेक नमुने सिंपल लिहितात. त्यात सिस्टमडी नवी प्रोसेस काढली की लगेच यश जाहीर करतं, मग ॲपची फाइल सापडो वा न सापडो. एक्झेकमध्ये निदान ती फाइल खरोखर चालू झाली का हे बघून मगच आज्ञा परत येते. नोटिफाय त्याहून चांगला, कारण ॲप स्वतः तयार झाल्याचं कळवतं, आणि गनिकॉर्नला ते जमतं. पण न जमणाऱ्या ॲपला नोटिफाय लावलं तर स्टार्टची आज्ञा 90 सेकंद लटकते आणि मग सिस्टमडी चांगल्या चालणाऱ्या ॲपला टाइमआउट म्हणून मारतं. फोर्किंग फक्त जुन्या, स्वतःहून पार्श्वभूमीत जाणाऱ्या प्रोग्रामसाठी. गनिकॉर्नला --डेमन देऊ नका, ओळीच्या शेवटी अँपरसँड लावू नका, नोहप तर नकोच. मुख्य प्रोसेस समोरच राहिली पाहिजे. ती निघून गेली की सिस्टमडीच्या लेखी ॲप संपलं, आणि मागे राहिलेल्यांची ते साफसफाई करतं.

एक्झेकस्टार्ट म्हणजे शेल नव्हे. पाइप, टिल्ड, तारा (*), फाइलकडे वळवणारा बाण, यातलं काहीही तिथे चालत नाही. टक्केवारीचं चिन्ह सिस्टमडी स्वतःसाठी वापरतं, म्हणून ते हवं असेल तर दोनदा लिहावं लागतं. पत्ता पूर्ण लिहा. नोड एनव्हीएमने (नोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाने) टाकलेला असेल तर तो कुणाच्या तरी होममध्ये लपलेला असतो आणि इथे सापडत नाही. सर्व्हरवर नोड पॅकेजमधूनच घ्या.

एन्व्हायर्नमेंटफाइलमध्ये पासवर्ड ठेवा, युनिट फाइलमध्ये नको. युनिटमधलं एन्व्हायर्नमेंट मशीनवरचा कुठलाही युजर सिस्टमसीटीएल शोने वाचू शकतो. एन्व्ह फाइल रूटच्या मालकीची आणि 600 परवानगीची ठेवली तरी चालते, कारण ती सिस्टमडी वाचतं, ॲपचा युजर वाचत नाही. त्या फाइलमध्ये एक्स्पोर्ट हा शब्द नको, आणि एका व्हेरिएबलमध्ये दुसऱ्याचा उल्लेख केला तर तो उलगडला जात नाही. पायथनवाल्यांनी इथेच पायथनअनबफर्ड=1 ही ओळ टाकावी (नाव पूर्ण मोठ्या अक्षरांत). नाहीतर ॲपने छापलेलं लगेच लॉगमध्ये दिसत नाही आणि ॲप गप्प बसलंय असा समज होतो.

मेमरीमॅक्स नवख्यांच्या फायलींत क्वचित दिसतं, पण चार जीबीच्या मशीनवर ते हवंच. ॲप मेमरी खात सुटलं आणि कुंपण नसलं तर कर्नल संपूर्ण मशीनमधून एक बळी निवडतो, आणि तो पोस्टग्रेएसक्यूएल असू शकतो. कुंपण असलं की मार फक्त ॲपला बसतो आणि ते पाच सेकंदांत पुन्हा उठतं. आकडा ठरवताना आधी आठवडाभर कुंपणाशिवाय चालवा, स्टेटसमध्ये दिसणारा मेमरीचा आकडा सौद्याच्या गर्दीच्या वेळी बघा, आणि त्याच्या दीडपट ते दुप्पट लिहा.

[सर्व्हिस] मधल्या शेवटच्या तीन ओळी अधिकार आवळतात. प्रोटेक्टसिस्टम=फुल मुळे /ईटीसी, /युएसआर आणि /बूट ॲपसाठी फक्त वाचण्यापुरते उरतात. प्रायव्हेटटीएमपी ॲपला स्वतःचं वेगळं टेम्प फोल्डर देतं. इथे एक जागा ठेच लागण्याची आहे. ॲपने /टीएमपी मध्ये पीडीएफ बनवून दुसऱ्या प्रोग्रामकडून तो छापून घ्यायचा असेल तर त्या दुसऱ्याला फाइल दिसणारच नाही. अशा फाइली /व्हार/लिब/पट्टी मध्ये लिहा. ते फोल्डर स्टेटडिरेक्टरीची ओळ योग्य मालकीसह आपोआप बनवते.

शेरा लिहायचा असेल तर स्वतंत्र ओळीवर हॅशने सुरुवात करून लिहा. सेटिंगच्या ओळीच्या शेवटी लिहिलेला शेरा किमतीचाच (व्हॅल्यूचाच) भाग धरला जातो. मग सिस्टमडी ती किंमत समजली नाही म्हणून ओळ सोडून देतं आणि बाकीची फाइल खुशाल चालवतं. रीस्टार्टच्या ओळीवर असं झालं तर ॲप मरेपर्यंत पत्ता लागत नाही. म्हणून चालू करण्याआधी सिस्टमडी-ॲनालाइझ व्हेरिफाय ही आज्ञा फाइलच्या पत्त्यासह चालवायची सवय लावा.

चालू करणं

सुडो सिस्टमसीटीएल डेमन-रीलोड
सुडो सिस्टमसीटीएल एनेबल --नाऊ पट्टी
सिस्टमसीटीएल स्टेटस पट्टी

स्टार्ट म्हणजे आत्ता चालू कर. एनेबल म्हणजे मशीन उठताना चालू कर. दोन्ही स्वतंत्र आहेत, आणि --नाऊ दोन्ही एकदम करतं. नुसतं स्टार्ट करून निघून गेलेल्याचं ॲप पुढच्या वीजकपातीपर्यंतच टिकतं. स्टेटसच्या लोडेड या ओळीत एनेबल्ड लिहिलंय का, ते दर वेळी डोळ्यांखालून घाला. युनिट फाइल बदलली की डेमन-रीलोड आणि मग रीस्टार्ट. नुसत्या रीस्टार्टने जुनीच फाइल वापरली जाते.

पोस्टग्रेएसक्यूएल किंवा एनजिनएक्सच्या पॅकेजबरोबर आलेल्या युनिट फाइली /लिब किंवा /युएसआर/लिब खाली असतात. त्यांना हात लावू नका, पुढच्या अपडेटमध्ये तुमचे बदल पुसले जातात. सिस्टमसीटीएल एडिट वापरा. ते बदल वेगळ्या फाइलमध्ये वरून चढवतं. तिथे एक्झेकस्टार्ट बदलायचं असेल तर आधी रिकामं एक्झेकस्टार्ट= लिहून जुनं पुसावं लागतं, मग खालच्या ओळीवर नवं.

उठत नाही तेव्हा

स्टेटसमध्ये दिसणारा आकडा बहुतेक वेळा थेट दुखण्यावर बोट ठेवतो.

203 म्हणजे एक्झेकस्टार्टमधली फाइल चालवता आली नाही. पत्ता चुकला, चालवण्याची परवानगी नाही, पहिल्या ओळीतला पायथन अस्तित्वात नाही, किंवा स्क्रिप्ट विंडोजवर लिहून आणल्यामुळे ओळींच्या शेवटी लपलेलं अक्षर आहे. शेवटचं कारण डोळ्यांना दिसत नाही, डॉसटूयुनिक्स ही आज्ञा ते काढून टाकते. 217 म्हणजे लिहिलेला युजर मशीनवर नाही. 200 म्हणजे वर्किंगडिरेक्टरीत जाता आलं नाही. 226 म्हणजे अधिकार आवळणाऱ्या ओळींत दिलेलं एखादं फोल्डर जागेवर नाही. साधा 1 दिसला तर सिस्टमडीचा दोष नाही, ॲप स्वतःच तक्रार करून गेलंय, लॉग वाचा. 9 आणि किल दिसलं तर मेमरीचं कुंपण लागलं का बघा, तिथे ओओएम-किल (मेमरी संपल्याने मारलं) असं लिहिलेलं सापडेल. जावाचं ॲप नीट बंद होतानाही 143 देतं आणि सिस्टमडी त्याला अपयश समजतं. त्यासाठी सक्सेसएक्झिटस्टेटस=143.

लॉग बघण्यासाठी:

जर्नलसीटीएल -यू पट्टी -एन 100
जर्नलसीटीएल -यू पट्टी -एफ

पहिली शेवटच्या शंभर ओळी दाखवते, दुसरी चालू लॉग समोर धरते. -बी -1 जोडलं की मशीन मागच्या वेळी बंद पडण्याआधीचा लॉग दिसतो, वीज गेल्यानंतरच्या तपासात याचाच उपयोग. तो दिसत नसेल तर जर्नल फक्त मेमरीत साठतंय. /व्हार/लॉग/जर्नल हे फोल्डर बनवून सिस्टमडी-जर्नलडी रीस्टार्ट करा. जर्नल मूळ सेटिंगमध्ये फाइल सिस्टमच्या दहा टक्क्यांपर्यंत, पण चार जीबीच्या आत वाढतं. 120 जीबीच्या एसएसडीवर जागा कमी पडत असेल तर जर्नलडी.कॉन्फ मध्ये सिस्टममॅक्सयूज=500एम लिहा.

पुन्हा पुन्हा उठवण्याचं गणित

सिस्टमडीचा मूळ नियम असा: दहा सेकंदांत पाच वेळा उठवून झालं की थांबायचं आणि फेल्ड म्हणून सोडून द्यायचं. रीस्टार्टसेकची मूळ किंमत 100 मिलिसेकंद आहे. ती तशीच ठेवली तर डेटाबेस जागा व्हायच्या आत, एखाद्या सेकंदात पाचही संधी संपतात आणि ॲप कायमचं पडून राहतं. वीज आल्यावर ॲप एनेबल असूनही उठलं नाही, याचं कारण बहुधा हेच असतं.

उलट, आपण लिहिलेल्या पाच सेकंदांच्या अंतराने दहा सेकंदांत पाच प्रयत्न होऊच शकत नाहीत. म्हणजे ती मर्यादा कधीच लागत नाही आणि ॲप अनंत काळ उठत-पडत राहतं. रात्री जवळ कुणी नसलेल्या पेढीच्या मशीनवर हेच बरं, कारण डेटाबेस कधीतरी उठेल आणि ॲप त्याला जोडून घेईल. पण ॲप प्रत्येक वेळी उठताना एसएमएस पाठवत असेल किंवा काही नोंद करत असेल तर हेच घातक ठरतं. तिथे [युनिट] या भागात, [सर्व्हिस] मध्ये नव्हे, स्टार्टलिमिटइंटरव्हलसेक=300 आणि स्टार्टलिमिटबर्स्ट=10 लिहा. मर्यादा लागून पडलेलं युनिट हाताने उठवण्याआधी सिस्टमसीटीएल रीसेट-फेल्ड पट्टी.

रीस्टार्टमध्ये ऑलवेज की ऑन-फेल्युअर? सर्व्हर ॲपसाठी दोन्ही चालतात. ॲप शून्य आकडा देऊन गुपचूप निघून जात असेल तर ऑन-फेल्युअर त्याला उठवणार नाही, मग ऑलवेज घ्या. तुम्ही स्वतः स्टॉप केलेलं ॲप मात्र ऑलवेज असलं तरी पुन्हा उठत नाही.

जे मिळत नाही

सगळ्यात मोठी उणीव: सिस्टमडीला प्रोसेस दिसते, काम दिसत नाही. पेढीचा रात्रीचा राखणदार दिवा जळतोय हे बघतो, वहीतली बेरीज तपासत नाही, तसंच हे. ॲप जिवंत आहे पण प्रत्येक पट्टीला 500 चा एरर देतंय, तरी स्टेटस हिरवं. वॉचडॉगसेक नावाची सोय आहे, पण तिला ॲपच्या कोडमधून ठरावीक वेळाने हाक द्यावी लागते, आणि तयार ॲपमध्ये ती सहसा नसते.

उपाय छोटा आहे. ॲपमध्ये /हेल्थ हा पत्ता ठेवा, जो डेटाबेसला एक साधा प्रश्न विचारून ठीक म्हणेल. मग पट्टी-तपास.सर्व्हिस या नावाचं टाइप=वनशॉट (एकदा चालून संपणारं) युनिट लिहा, ज्याच्या एक्झेकस्टार्टमध्ये हे असेल:

/बिन/एसएच -सी 'कर्ल -एफएसएस -ओ /डेव्ह/नल --मॅक्स-टाइम 10 एचटीटीपी://127.0.0.1:8000/हेल्थ || सिस्टमसीटीएल ट्राय-रीस्टार्ट पट्टी'

(कर्लच्या -एफएसएस मध्ये एफ लहान, पहिला एस लहान, दुसरा मोठा.) ट्राय-रीस्टार्ट मुद्दाम आहे. साधं रीस्टार्ट लिहिलंत तर तुम्ही दुरुस्तीसाठी बंद ठेवलेलं ॲपही ते चालू करेल. या युनिटला युजर लिहू नका, रीस्टार्ट करायला रूटचा अधिकार लागतो. त्याच नावाच्या .टायमर फाइलमध्ये (ती ठरावीक वेळाने हे युनिट चालवते) [टायमर] खाली ऑनबूटसेक=3मिन आणि ऑनयुनिटॲक्टिव्हसेक=1मिन, [इन्स्टॉल] खाली वॉन्टेडबाय=टायमर्स.टार्गेट. एनेबल टायमरला करायचं, सर्व्हिसला नाही. डेटाबेसच बंद असेल तर ॲप दर मिनिटाला उगाच रीस्टार्ट होत राहील, हे पत्करूनच ही सोय घ्यावी.

टायमरचा विषय निघालाच आहे तर बॅकअपबद्दल एक गोष्ट. भाड्याचे क्लाउड सर्व्हर बहुधा यूटीसी वेळेवर असतात. रात्री दोनला म्हणून लावलेला बॅकअप आपल्याकडे सकाळी साडेसातला चालतो, पेढी उघडायच्या तोंडावर. टाइमडेटसीटीएल सेट-टाइमझोन एशिया/कोलकाता (ए आणि के मोठे) करून घ्या.

दुसरी उणीव, रीस्टार्टमध्ये खंड पडतो. नवा कोड चढवताना काही सेकंद एनजिनएक्स 502 (मागच्या ॲपकडून उत्तर नाही) दाखवेल. पेढीसाठी हे चालतं, सौदे संपल्यावर चढवा. एका सेकंदाचाही खंड नको असेल तर एकाच्या दोन प्रती वेगळ्या पोर्टवर चालवून एकेक करून बदलाव्या लागतात, किंवा सॉकेट ॲक्टिव्हेशन (पोर्ट सिस्टमडीनेच धरून ठेवण्याची सोय) शिकावं लागतं.

तिसरी, सगळा खेळ एकाच मशीनपुरता आहे. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 च्या पुरात कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, तेव्हा तळमजल्यावरच्या मशीनला कुठलाच सर्व्हिस मॅनेजर वाचवू शकत नव्हता. बॅकअप शहराबाहेर जायलाच हवा.

आणि सिस्टमडी मोठं आहे, सेटिंग शेकड्याने आहेत, जर्नल बायनरी असल्याने साध्या ग्रेपने (मजकूर शोधणाऱ्या आज्ञेने) वाचता येत नाही. डेव्हुआनसारखी वितरणं या आक्षेपांतूनच निघाली. आक्षेप खोटे नाहीत, पण वरच्या वीसेक ओळी शिकल्या की पेढीचं काम निभतं.

पर्यायांपैकी सुपरव्हायझर लिहायला सोपा आहे आणि वेब पानावरून बटणं देतो, पण मेमरीचं कुंपण आणि युनिटांमधलं अवलंबित्व त्याच्याकडे नाही, शिवाय मशीन उठताना त्यालाही सिस्टमडीच उठवतं. पीएम2 नोडवाल्यांना खंड न पाडता रीलोड देतो, तो खरा फायदा. त्याचं पीएम2 स्टार्टअप मात्र शेवटी सिस्टमडीचंच युनिट लिहून देतं. डॉकरमध्ये (ॲप आणि त्याला लागणारं सगळं एका डब्यात बांधून चालवणारं साधन) अनलेस-स्टॉप्ड हे धोरण पुनरुज्जीवनाचं काम करतं, आणि ॲपला लागणारी पायथनची आवृत्ती मशीनपासून वेगळी राहते. दोन-तीन ॲप, प्रत्येकाची आवृत्ती वेगळी, असं असेल तर डॉकर घ्या. एकच ॲप, एकच मशीन असेल तर नुसतं सिस्टमडी पुरे. दोन मॅनेजर एकाच ॲपवर मात्र कधीही बसवू नका. एक मारतो, दुसरा उठवतो, आणि पोर्ट आधीच वापरात असल्याच्या ओळींनी लॉग भरतो.

हवाली करण्याआधीच्या चाचण्या

सौदे उरकल्यावर, संध्याकाळी करा. हळदीच्या हंगामात नकोच.

आधी सिस्टमसीटीएल शो -पी मेनपीआयडी पट्टी ने (मेनपीआयडीमध्ये एम आणि पीआयडी मोठ्या अक्षरांत) मुख्य प्रोसेसचा क्रमांक काढा आणि तिला सुडो किल -9 द्या. पाच-सहा सेकंदांत स्टेटसमध्ये नवा क्रमांक दिसला पाहिजे. मग पोस्टग्रेएसक्यूएल दोन मिनिटं बंद ठेवून पुन्हा चालू करा. ॲपला हात न लावता पट्टी निघाली पाहिजे. मग सुडो रीबूट, आणि लॉगिन न करता दुसऱ्या कॉम्प्युटरच्या ब्राउझरमधून ॲप उघडा. लॉगिन केल्यावरच उठणारं ॲप हे युजरच्या नावाखालचं युनिट असतं, ते सिस्टमच्या फोल्डरमध्ये आणावं लागतं.

शेवटची चाचणी विजेची. बायोसमध्ये वीज परत आल्यावर काय करायचं याचं सेटिंग असतं, ते पॉवर ऑनवर ठेवा, नाहीतर सिस्टमडीपर्यंत गोष्ट पोहोचतच नाही. सेटिंग केल्यावर मशीन आधी नीट शटडाउन करा, मग वायर काढून अर्ध्या मिनिटाने लावा. मशीन स्वतःहून उठलं पाहिजे. यूपीएसची बॅटरी संपत आल्यावर मशीन आपोआप बंद करणारं सॉफ्टवेअर लावलं असेल तर आणखी एक बारकावा तपासा. मशीन बंद झालं, पण यूपीएस पूर्ण रिकामा व्हायच्या आत वीज परत आली, तर मशीनच्या लेखी वीज कधी गेलीच नाही आणि ते बंदच राहतं. शटडाउननंतर यूपीएसने स्वतःचं आउटपुट तोडून पुन्हा जोडावं, अशी सोय एनयूटीमध्ये (यूपीएसवर लक्ष ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) आहे आणि यूपीएसनेही ती पाळायला हवी. तुमचा यूपीएस ती पाळत नसेल तर सकाळी पेढी उघडणाऱ्याला मशीनचं बटण कुठलं, ते दाखवून ठेवा.